वेसाव्याची पेटी

आम्हां पुणेकरांस मुंबईस जाणें हें एक लहानसें संकटच वाटतें. त्यांतून अंधेरीच्याही पलीकडे, अगदीं समुद्राच्या कडेला जावयाचें म्हणजे परदेशगमनाचीच तयारी. तथापि गेल्या माघांत वेसाव्याहून काकूंचा निरोप आला आणि तो टाळणें शक्य नव्हतें. काकू म्हणजे आमच्या धाकट्या काकांच्या पत्नी. वयाला अठ्ठ्याऐंशी वर्षें पुरीं झालीं आहेत, पण निरोप नेहमीं मोजक्या शब्दांत. सात बंगल्याजवळची त्यांची चार मजली इमारत पाडली जाणार, तिच्या जागीं बावीस मजली उभी राहणार, आणि मधलीं तीन-चार वर्षें त्यांना भाड्याच्या घरांत काढावयाचीं. "माळ्यावर ह्यांची पेटी आहे. मला ती रद्दींत घालवत नाहीं आणि बरोबर नेववतही नाहीं. तुम्ही भावंडांनीं येऊन काय तें ठरवा." वडीलधाऱ्यांची आज्ञा! आम्ही, आमची सौभाग्यवती आणि आमचे धाकटे बंधु असे तिघेजण निघालों.

दादरहून घाटकोपर गांठलें व तेथून मेट्रो धरली. घाटकोपर ते वर्सोवा हा सुमारें साडेअकरा किलोमीटरांचा मार्ग ८ जून २०१४ रोजीं सुरू झाला. पूर्वीं ज्या प्रवासाला साकीनाक्याच्या गर्दींत दीड-दोन तास सहज मोडत, तो आतां पुरता अर्धा तासही लागत नाहीं. गाडी लोकांच्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून धांवते, त्यामुळें कोणाच्या स्वयंपाकघरांत काय शिजत आहे याची वार्ता अनायासें मिळते. सौभाग्यवतींना हा मार्ग फार आवडला तो त्यामुळेंच असावा. वाटेंत चित्रपटांचे मोठाले फलक दिसले. नटनटींचे चेहरे संगमरवरी फरशीसारखे गुळगुळीत, आणि एकाच्याही गालावर कुंचल्याचा फटकारा नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत संगणकावरून छापलेलें व्हिनाइलचें कापड आलें आणि बघतां बघतां हातानें रंगविलेले फलक शहरांतून नाहींसे झाले. आमच्या काकांनीं जन्मभर केलें तें काम हेंच. पण त्याकडे मागाहून येऊं.

स्थानकाचें नांव वर्सोवा. गांवचे कोळी मात्र आपल्या गांवाला वेसावा म्हणतात, आणि पन्नासांहून अधिक वर्षें तेथें राहिलेल्या काकूही तेंच म्हणतात. काकू दुपारीं विश्रांति घेतात हें ठाऊक असल्यामुळें आम्हीं रिक्षा थेट कोळीवाड्याकडे वळविली. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंस दाट घरें, मधूनच एखादें जुनें कौलारू छप्पर, आणि सर्वत्र बोंबलांचा तो वास, ज्याला आमच्या घरीं कोणी नांव ठेवलें असतें तर काकूंनीं खडे बोल सुनावले असते. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील तोरणासारखे टांगलेले होते. होड्यांच्या नाळेवर लाल, निळ्या, पिवळ्या रंगांत देवांचीं आणि मुलाबाळांचीं नांवें, भोंवतीं वेलबुट्टी, कोठें वाघ तर कोठें कमळ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या अवकाशांत होड्या वर ओढून त्यांची डागडुजी आणि रंगरंगोटी करतात, आणि नारळी पौर्णिमेला नवे कपडे घातल्यासारख्या त्या पुन्हां पाण्यांत उतरतात. आतां माघांत ते रंग खाऱ्या वाऱ्यानें निम्मे उडाले होते. ज्या चित्रांचें आयुष्य एका हंगामाचें, त्यांवर एवढी मेहनत घेणारे लोक पाहून आम्हांस कौतुक वाटलें.

खाडीपलीकडे मढच्या टोंकावर वेसाव्याचा किल्ला दिसतो. पोर्तुगीजांचा हा किल्ला मराठ्यांनीं १७३९ सालीं वसईच्या मोहिमेच्या धामधुमींत घेतला. आज तो हवाईदलाच्या ताब्यांत आहे, आणि त्याच्या भिंतींपुढें चित्रपटांतील कित्येक खलनायक मरून पडले आहेत. तरींतून पलीकडे जाण्याचा विचार होता. परंतु आमचे बंधु एका लहानशा दुकानापाशीं जे थबकले ते हालेनात. दुकानदारानें मागच्या फळीवर जुन्या ध्वनिफितींची एक चळत ठेवली होती. 'वेसावकर आणि मंडळी' या येथल्याच कोळीगीतांच्या मेळ्यानें १९९० नंतर महाराष्ट्रांतील एकही लग्नाची वरात सोडली नाहीं. 'वेसावची पारू' न ऐकलेला मनुष्य त्या काळीं विरळाच. वेष्टनावर निळाशार समुद्र, माडाचें झाड, कोळी वेशांतील नर्तकी, आणि आंब्याच्या रसासारखीं पिवळीं अक्षरें. बंधूंनीं तीस रुपये देऊन एक फीत घेतली. ती वाजविण्याचें यंत्र आमच्या घरांत पंधरा वर्षांपासून नाहीं, हें सौभाग्यवतींनीं तत्काळ निदर्शनास आणून दिलें. "वाजवायची कोणाला आहे?" बंधु म्हणाले.

हाच प्रश्न सायंकाळपर्यंत आमच्या मनांत घोळत राहिला. जी वस्तु एके काळीं आपण ढुंकूनही पाहिली नाहीं, बटबटीत म्हणून जिची थट्टा केली, तीच तीस वर्षांनीं समोर आली कीं खिशांतला हात आपोआप पैसे काढतो, हें काय गौडबंगाल आहे?

काकूंचें घर तिसऱ्या मजल्यावर. १९६८ सालीं काकांनीं तें घेतलें तेव्हां येथें संध्याकाळनंतर रिक्षा तर राहोच, टांगाही येत नसे. जागा स्वस्त होती ती त्यामुळेंच. ज्यांवरून या भागाला नांव पडलें त्या सात बंगल्यांपैकीं बहुतेक केव्हांच नाहींसे झाले, आणि आतां चार मजली इमारतींची पाळी आली आहे. चहा झाला, काकूंच्या नातीनें शिडी लावली, आणि पत्र्याची हिरवी पेटी खालीं आली. ही मुलगी जवळच आरामनगरांत काम करते. बैठ्या घरांच्या त्या वस्तींत हल्लीं चित्रपटवाल्यांच्या कचेऱ्या आहेत, आणि दारोदार तरुण मुलेंमुली परीक्षेला बसल्यासारखीं संवाद पाठ करीत उभीं असतात. तिचें काम कलाविभागांत, म्हणजे जुना काळ उभा करावयाचा असेल तर त्या काळच्या वस्तु शोधून आणणें. अशा मुलीच्या घरांत अशी पेटी असावी हा योगायोगच म्हणावयाचा. आणि तिचा जीव त्या पेटींत अडकला असल्यास तिला दोष देतां येणार नाहीं.

समुद्रकांठीं कागद ठेवूं नये म्हणतात. दमटपणा, खारा वारा आणि कसर यांनीं वरचा थर पार खाल्ला होता. खालीं मात्र काकांनीं प्रत्येक गठ्ठा मेणकापडांत बांधून त्यांत कडुलिंबाचा पाला घातला होता. प्रथम निघाल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. अर्नाळकर (१९०६–१९९६) यांचें खरें नांव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनीं हजारांवर पुस्तकें लिहिलीं, आणि झुंजार, काळापहाड व धनंजय यांना मराठी मुलांच्या उशाखालीं कायमची जागा मिळवून दिली. आमच्या वाड्यांत तीं पुस्तकें निषिद्ध होतीं. आम्ही तीं भूमितीच्या पुस्तकांत घालून वाचीत असूं. आजोबांना आमच्या भूमितीच्या व्यासंगाचें कौतुक होतें. मुखपृष्ठांवर पिस्तुल, टोपीच्या सावलींत अर्धा झांकलेला चेहरा, आणि दचकलेली एखादी तरुणी. सौभाग्यवतींनीं त्यांतलें एक उचललें आणि उभ्याउभ्याच वाचूं लागल्या. त्यांच्या माहेरीं हीं पुस्तकें वाटणाऱ्याची आठवडाभर वाट पाहत, हें चाळीस वर्षांच्या संसारांत आम्हांस प्रथमच कळलें.

त्याखालीं दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'चे कांहीं अंक होते. १९४५ सालापासून निघूं लागलेल्या या अंकावर दलालांनीं काढलेल्या स्त्रिया म्हणजे त्या पिढीची सौंदर्याची व्याख्याच. मग रघुवीर मुळगांवकरांचीं देवादिकांचीं दिनदर्शिकाचित्रें. तीं लोण्यासारखीं मऊ कांति, डोळ्यांत तें ओलसर तेज. हे दोघेही गोमंतकांतले, एक १९१६ चा, दुसरा १९१८ चा. यांना आमच्या घरीं मानाचें स्थान होतें. दलाल माजघरांत चालत, मुळगांवकर तर देवघरांतही.

आणि तळाशीं होतीं काकांचीं स्वतःचीं कामें. चित्रपटांचीं भित्तिपत्रकें.

काका जे. जे. कलाशाळेंत दोन वर्षें होते. १९५१ सालीं पैशांची अडचण पडली, शिक्षण सुटलें, आणि ते गिरगांवांत एका चित्रशाळेंत चित्रपटांच्या जाहिराती रंगविण्याच्या कामाला लागले. आजोबा संस्कृतचे शिक्षक. त्यांनीं हा धंदा कधींच मनापासून मान्य केला नाहीं. लग्नकार्यांत कोणी विचारलें तर "धाकटा छापखान्यांत असतो" असें सांगण्याचा घरांत प्रघात होता, आणि आपसांत "पाट्या रंगवितो" असें. आम्हीं मुलांनींही तें ऐकून ऐकून उचललें. एकदां डेक्कनवर काकांनीं रंगविलेला फलक लागला होता. आम्ही शाळेच्या मित्रांबरोबर त्याखालून गेलों, आणि तो काकांचा आहे हें सांगण्याची आमची छाती झाली नाहीं.

हें काम कसें चालतें तें नातीनें विचारलें, आणि काकूंनीं, ज्या आजवर या विषयावर कधीं बोलल्या नव्हत्या, सर्व सांगितलें. चित्रपट पुष्कळदां पाहावयासही मिळत नसे. निर्मात्याकडून छायाचित्रांचें एक पाकीट येई, आणि त्यावरून रात्रींत कच्चें चित्र करावें लागे. तें पसंत पडलें कीं जलरंगांत पक्कें चित्र. मग छापखान्यांतील कारागीर तेंच चित्र एकेका रंगासाठीं एकेका पत्र्यावर पुन्हां उतरवीत. पूर्वीं यासाठीं दगड असत. तीस इंच रुंद व चाळीस इंच उंच हा एका ताव्याचा माप. असे सहा ताव जोडले कीं मोठें भित्तिपत्रक. रस्त्यावरचे फलक कापडावर, शिडीवर उभें राहून. नायक केशरी, खलनायक हिरवा, आणि रक्त हवें तेवढें. चित्रपट उतरला कीं त्याच कापडावर पांढरा रंग फांसून पुढचा नायक काढावयाचा. काकांनीं रंगविलेल्या कित्येक चेहऱ्यांवर दुसरे चेहरे काकांनींच चढविले. कागदाची गतही तीच: खळ लावून रात्रीं भिंतीवर चिकटवीत, आणि पुढच्या चित्रपटाचा कागद त्याच्याच छातीवर. आज जीं भित्तिपत्रकें शिल्लक आहेत तीं भिंतीवर कधीं न लागलेलीं, गोदामांत पडून राहिलेलीं तेवढींच.

सही? "सही कसली," काकू म्हणाल्या. "मालकाची पाटी असे, तीच खालीं."

येथें आम्हांस थोडें मागें जाणें भाग आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत सुरू झाला, पुढें लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यानें लक्ष्मी व सरस्वती घरोघरीं पोंचविल्या. त्याच सुमारास कापडाच्या गिरण्यांनीं आपल्या ठाणांवर रंगीत चित्रांचीं तिकिटें चिकटविण्यास सुरुवात केली, कारण अक्षर न वाचणारें गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखी, त्यांवरही देवच. कोल्हापुरास बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां चित्रपटांकडे वळले. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चें भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या हिंदी भूमीवरील सर्वांत जुन्या सचित्र भित्तिपत्रकांत गणलें जातें. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित एका हातानें नटींचीं चित्रें काढीत आणि दुसऱ्या हातानें कृष्णार्जुन. कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनीं 'मुगल-ए-आझम'चे फलक रंगविले, आणि आज सरकारी कचेऱ्यांतून आपण ज्या शिवछत्रपतींच्या चित्राला हार घालतों तेंही त्यांचेंच. कुंचला एकच, रंग तेच. आमच्या घरांत मात्र एकाला उदबत्ती होती, आणि दुसऱ्यासाठीं "छापखान्यांत असतो" हें उत्तर.

पेटींत गाण्यांच्या पुस्तिकाही निघाल्या. चार-आठ पानी, चित्रपटगृहांत आण्या-दोन आण्यांस मिळणाऱ्या. आंत गाणीं आणि तीन-तीन भाषांत कथानक. तेंही ऐन रंगांत आलें कीं तोडलेलें आणि पुढचें पडद्यावर पाहण्याचें आमंत्रण. क्षुल्लक वस्तु खरी. पण १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवांत मॅजेस्टिकमध्यें झळकलेला आपला पहिला बोलपट 'आलमआरा' आज जगांत कोठेंही नाहीं. त्याचें जें उरलें तें छायाचित्रें आणि असा छापील कागद. जुनी फीत नायट्रेटची, ठिणगी पडण्याचा अवकाश. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालें, त्यानें पुष्कळ वांचविलें. तरीही जानेवारी २००३ च्या आगींत प्रभातच्यासुद्धां मूळ फिती जळाल्या. म्हणजे चित्रपटाची जाहिरात चित्रपटाहून दीर्घायुषी ठरली. रद्दीवाल्यानें किलोच्या भावानें नेली नाहीं तर.

नातीनें मग आपला बेत सांगितला. कांहीं भित्तिपत्रकें कामासाठीं भाड्यानें द्यावयाचीं, कांहींच्या नकला छापून घ्यावयाच्या. भेंडीबाजाराजवळ मटण स्ट्रीटवरच्या एका व्यापाऱ्यानें सबंध पेटीचे चाळीस हजार सांगितले होते, परंतु तिनें देऊं दिली नव्हती. "काका, आमच्या वयाच्या मुलांना हें सगळें फार आवडतें. कपांवर, उशांवर, कपड्यांवर छापतात. रेट्रो म्हणतात याला."

आम्हांस तो शब्द रुचला नाहीं, आणि आम्हीं तसें बोलूनही दाखविलें. जे या चित्रांच्या काळांत जगलेच नाहींत त्यांची ही हळहळ म्हणजे उसनी हळहळ. त्यांत प्रेम थोडें आणि थट्टा अधिक. हिरवा खलनायक कपावर छापतात तो तो हास्यास्पद वाटतो म्हणून. तो हिरवा कां, रात्रीं दिव्याखालीं दुरून कोणता रंग कसा दिसतो याचा हिशेब काकांनीं काय केला होता, हें कोण विचारतो?

मुलगी शांतपणें म्हणाली, "मी विचारलें. आतांच. आजीला." आणि जरा थांबून, "तुम्ही काकाआजोबांना कधीं विचारलेंत?"

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. बंधूंनीं खिशांतली ध्वनिफीत काढून उगाच उलटसुलट करून पाहिली.

विषय बदलावा म्हणून सौभाग्यवतींनीं पेटींतला शेवटचा गठ्ठा सोडला. त्यांत पातळ पारदर्शक कागदांवर पेन्सिलीचीं कच्चीं रेखाटनें होतीं, चौकटी आंखलेलीं. एका कागदावर लक्ष्मी. कमळावर उभी, वरच्या दोन हातांत कमळें, खालचा उजवा हात अभय देणारा, डाव्यांतून नाण्यांची धार. आणि त्या डाव्या हाताची करंगळी किंचित् बांकडी.

ती करंगळी पाहतांच आम्ही आणि बंधु एकमेकांकडे पाहूं लागलों. सदाशिव पेठेंतल्या वाड्यांत, माजघराच्या दारावर हीच लक्ष्मी होती. १९५८ सालच्या एका दिनदर्शिकेवरची. वर्ष संपल्यावर आजोबांनीं तारखांचा भाग व खालचीं छापील अक्षरें कापून ती तसबिरींत बसविली होती. दर शुक्रवारीं ते तिला फूल वाहत, १९७१ सालीं वारले तोंवर. लहानपणीं आम्हांस वाटे कीं नाण्यांच्या भारानें देवीची करंगळी वांकली आहे.

काकूंनीं आपला डावा हात कागदाशेजारीं टेबलावर ठेवला. लहानपणीं झोपाळ्यांत सांपडून त्यांची करंगळी मोडली होती. "लग्नाला वर्ष झालेलें," त्या म्हणाल्या. "गिरगांवच्या खोलींत मला रात्रभर उभी करीत. बोट सरळ काढा म्हटलें तर म्हणाले, असूं दे, खऱ्यासारखें दिसतें."

"पण आजोबांना हें कधीं सांगितलें नाहीं?"

"ह्यांनीं बजावलें होतें. मामंजींना कळूं देऊं नकोस म्हणाले. कळलें तर फूल वाहायचें थांबतील."

आमच्या तोंडून शब्द फुटेना. १९८६ सालीं वाडा पाडला, तेव्हां ती तसबीर जीर्ण झाली होती, कांच तडकली होती. देवाचें चित्र रद्दींत घालूं नये म्हणून आम्हींच एका सकाळीं ती मुठेच्या पाण्यांत सोडून आलों. काकांना पत्रानें कळविलें होतें, वाड्यांतील इतर सामानाच्या विल्हेवाटीबरोबर एका ओळींत. त्यांचें उत्तर आलें त्यांत भाड्याच्या हिशेबाविषयीं होतें, प्रकृतीविषयीं होतें, तसबिरीविषयीं कांहीं नव्हतें. ते १९९४ सालीं वारले.

रात्रीं उशिरापर्यंत बसून आम्हीं विभागणी केली. रहस्यकथा सौभाग्यवतींनीं मागितल्या. त्यांना कोणी हरकत घेतली नाहीं. गाण्यांच्या पुस्तिकांची यादी करून ती संग्रहालयाला पाठवावयाची आणि त्यांना हव्या त्या देऊन टाकावयाच्या, असें ठरलें. भित्तिपत्रकें नातीकडे. ती भाड्यानें दे, नकला छाप, हवें तें कर. अट एकच, जेथें जेथें तें चित्र लागेल तेथें खालीं काकांचें पूर्ण नांव घालावयाचें. ती म्हणाली कीं ही अट तीच घालणार होती. अस्सल प्रत कशी ओळखावी हेंही काकूंनीं तिला शिकविलें: भिंगाखालीं जुन्या छपाईचा दाणा वाळूसारखा वेडावांकडा दिसतो, आजच्या नकलेंत ठिपके कवाइतीला उभे राहिल्यासारखे, आणि पोस्टानें घड्या घालून पाठवीत म्हणून खऱ्या भित्तिपत्रकाला घड्यांच्या रेघा हव्यातच. लक्ष्मीचा कागद कोणाकडे जावा हें कोणीं विचारलें नाहीं. काकूंनीं तो परत मेणकापडांत गुंडाळून आपल्या कपाटांत ठेवला होता.

सकाळीं निघतांना गठ्ठे भरून पेटी रिक्षांत चढविली. पाऊणशे पायऱ्या उतरणें काकूंना होत नाहीं. त्या सज्जांत उभ्या होत्या. रिक्षा वळणार तों वरून हांक आली. आम्हीं डोकें बाहेर काढलें.

"पेटी रिकामी करून परत पाठव हो," काकू म्हणाल्या. "नव्या घरांत लोकरीचे कपडे ठेवायला दुसरें कांहीं नाहीं."